आवरता येणारा दाह

धडधाकट तरुण स्वयंसेवकाच्या शिरेत ई. कोलाय जिवाणूच्या आवरणातले विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, किलोमागे ४ नॅनोग्रॅम या हिशेबाने सोडले तर काय होते, याची नोंद १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात आहे. ६० किलोच्या माणसासाठी ही मात्रा होते एका मिलिग्रॅमचा साधारण चार हजारावा भाग. पहिला तासभर विशेष काही जाणवत नाही. मग डोके ठणकू लागते, अंग मोडून येते, हुडहुडी भरते, मळमळते. दीड तासाच्या सुमारास रक्तातले टीएनएफ हे प्रथिन शिखर गाठते. त्यामागून इंटरल्युकिन-६ चढते. ताप सर्वाधिक होतो तो तीन-चार तासांनी, आणि तोवर टीएनएफ बरेचसे ओसरलेले असते. दुसऱ्या दिवशी माणूस पूर्ववत कामाला लागतो.

अशा प्रयोगांचे आलेख पाहताना नजर चढत्या रेषेवर खिळते. मला मात्र उतरती रेषा जास्त मोलाची वाटते. विष आत गेले, रक्तपेशींनी धोक्याचे संदेश सोडले, हे समजण्यासारखे आहे. पण कोणी काही न करता ते संदेश काही तासांत बंद कसे पडले? सायटोकाइन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संदेशवाहक प्रथिनांवरचे गेल्या पन्नास वर्षांतले संशोधन एकत्र वाचले, तर एक गोष्ट वारंवार समोर येते. आपल्या रक्तपेशींनी आवरण्याची सोय पेटवण्याच्या प्रत्येक पायरीत आधीच करून ठेवलेली आहे. दाहाचे बहुतेक आजार ही सोय कुठे ना कुठे तुटल्याचे आजार आहेत, आणि दाहावरची औषधे फसली ती बहुधा ही सोय लक्षात न घेतल्यामुळे.

ताप शरीराच्या आतूनच येतो, बाहेरून आलेला जंतू फक्त निमित्त असतो, ही कल्पना जुनी आहे. १९४८ मध्ये पॉल बीसन यांनी सशांच्या पांढऱ्या पेशींतून ताप आणणारा पदार्थ वेगळा काढला. पुढची तीस वर्षे हा पदार्थ इतक्या सूक्ष्म प्रमाणात मिळत असे की अनेक शास्त्रज्ञांना ते जंतुविषाचेच दूषण वाटे. चार्ल्स डिनारेलो यांनी १९७७ मध्ये मानवी पेशींतला ‘ल्युकोसाइटिक पायरोजन’ शुद्ध केला. पुढे तोच इंटरल्युकिन-१ (आयएल-१) ठरला. दरम्यान १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाला उंदरांच्या गाठी जाळून टाकणारा एक घटक सापडला. त्याचे नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजेच टीएनएफ. त्याच शहरात अँथनी सेरामी आणि ब्रूस ब्यूटलर वेगळ्याच प्रश्नामागे होते. परजीवींनी ग्रासलेले ससे अंगात परजीवी थोडेच असताना खंगून का मरतात? खंगवणारा पदार्थ त्यांनी शुद्ध केला आणि १९८५ मध्ये लक्षात आले की तो टीएनएफच आहे. १९८६ मध्ये जपानात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांनी इंटरल्युकिन-६ चे जनुक मिळवले. गाठ जाळणारे, अंग खंगवणारे, ताप आणणारे, प्रतिपिंडे वाढवणारे अशी वेगवेगळ्या दारांतून आलेली ही प्रथिने एकाच घरातली निघाली.

हे संदेश तयार करतो कोण? रक्तातल्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल निम्म्याहून जास्त, तर मोनोसाइट शंभरात दोन ते आठ. तरीही जंतुविष दिसताच टीएनएफ, आयएल-१ आणि आयएल-६ यांचा लोंढा सोडतात त्या मुख्यतः मोनोसाइट. न्यूट्रोफिल प्रत्येकी थोडेच सायटोकाइन बनवतात, आयएल-८ मात्र बऱ्यापैकी. ते स्वतःच्या भाईबंदांना जागेवर बोलावण्यासाठी. न्यूट्रोफिल अमुक सायटोकाइन बनवतात असे सांगणाऱ्या काही जुन्या निष्कर्षांचा उगम नमुन्यात चुकून राहिलेल्या मूठभर मोनोसाइटांत होता, हे पुढे पेशी अधिक काटेकोर शुद्ध केल्यावर कळले. टी-पेशींचे काम वेगळे. त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडून मोनोसाइटांना अधिक तिखट करतात, आयएल-२ सोडून स्वतःची फौज वाढवतात. तांबड्या पेशी या गोष्टीत गणल्याच जात नसत. पण त्या आयएल-८ ला धरून ठेवतात आणि ते रक्तातून कमी करतात, असे १९९१ मध्ये दिसले. हे धरून ठेवणारा रेणू म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावरचा डफी, हे त्यानंतर कळले. याच रेणूला धरून व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो. रक्ताचा अभ्यास पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून करायचा की अख्ख्या रक्तात करायचा, हा वाद नुसता सोयीचा नाही तो यामुळेच. वेगळ्या काढलेल्या पेशींना तांबड्या पेशींचा आणि रक्तद्रवातल्या आवर घालणाऱ्या रेणूंचा शेजार मिळत नाही.

मोनोसाइटला विष ओळखता कसे येते, याचे उत्तर मिळायला शतक उलटले. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने फळमाशीतल्या टोल या जनुकाचा बुरशीविरुद्धच्या संरक्षणाशी संबंध दाखवला. पुढच्याच वर्षी रुस्लान मेद्झितोव्ह आणि चार्ल्स जेनवे यांनी त्याचे मानवी भावंड शोधले. १९९८ मध्ये ब्यूटलर यांना जंतुविषाला अजिबात दाद न देणाऱ्या उंदरांत हेच भावंड, म्हणजे टीएलआर-४ हा रिसेप्टर, बिघडलेले आढळले. हॉफमन आणि ब्यूटलर यांना २०११ चे नोबेल मिळाले. रक्तद्रवातले एक प्रथिन विषाचा रेणू उचलते, मोनोसाइटवरच्या सीडी-१४ कडे सोपवते, तिथून तो टीएलआर-४ कडे जातो. माणसाची ही साखळी उंदराच्या मानाने कितीतरी जास्त संवेदनशील आहे. किलोमागे काही नॅनोग्रॅमने आपल्याला हुडहुडी भरते. उंदीर याच्या हजारो पट मात्रा पचवतो. हा फरक पुढे बरेच काही सांगून जाणार आहे.

टीएलआर-४ जागा झाला की पेशीत जे घडते त्यातले मुख्य पात्र म्हणजे एनएफ-कप्पा-बी. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत रंजन सेन यांनी तो १९८६ मध्ये बी-पेशींत शोधला. तो काही दाहाच्या शोधात सापडला नव्हता. प्रतिपिंडाच्या एका साखळीचे जनुक कोण चालू करते, हे ते पाहत होते. एनएफ-कप्पा-बी पेशीद्रवात तयारच पडून असतो, पण आय-कप्पा-बी नावाच्या प्रथिनाने त्याला बांधून ठेवलेले असते. संदेश आला की हे बांधणारे प्रथिन मोडीत निघते, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतो आणि काही मिनिटांत टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ यांची जनुके चालू करतो. इतकी घाई जमते ती काही नवे बनवावे लागत नाही म्हणून, फक्त अडसर काढायचा असतो म्हणून.

आणि एनएफ-कप्पा-बी पहिल्या काही जनुकांबरोबर कोणते जनुक चालू करतो? आय-कप्पा-बीचे. ज्याने बांधून ठेवले होते तेच प्रथिन नव्याने तयार होते, केंद्रकात जाते आणि एनएफ-कप्पा-बीला बाहेर ओढून आणते. संदेश चालूच राहिला तर पुन्हा सुटका, पुन्हा बंधन, असे हेलकावे होतात. ए-२० नावाचे आणखी एक प्रथिन असेच दाहाच्या हुकमानेच जन्माला येते आणि त्याच हुकमाची वरची कडी तोडते. ए-२० च्या दोन प्रतींपैकी एक निकामी असलेली माणसे २०१६ मध्ये ओळखली गेली. लहानपणापासून तोंडात आणि जननेंद्रियांवर व्रण, ताप, सांधेदुखी हे त्यांचे भोग. अर्धा आवर गेला तरी एवढे होते.

आता ज्या पायरीवर मला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते तिच्याकडे येतो. सामान्य वाचनात ती बहुधा गाळली जाते. जनुक चालू झाले की संदेशवाहक आरएनए तयार होतो आणि त्यावरून प्रथिन, असे आपण शाळेत शिकतो. पण टीएनएफच्या आरएनएला शेपटीकडे ए आणि यू या अक्षरांची दाटी असलेला एक पट्टा असतो. १९८६ मध्ये दोन गटांनी दाखवले की असा पट्टा अनेक सायटोकाइनांच्या आरएनएवर आहे आणि तो आरएनए लवकर मोडण्याची खूण आहे. पट्टा दुसऱ्या एखाद्या टिकाऊ आरएनएला जोडला की तोही झटपट मोडू लागतो. म्हणजे टीएनएफचा आरएनए जन्मतःच मृत्युपत्र घेऊन येतो, त्याचे आयुष्य मिनिटांत मोजावे लागते. ट्रिस्टेट्राप्रोलिन नावाचे प्रथिन या पट्ट्याला चिकटते आणि आरएनए मोडणाऱ्या यंत्रणेला बोलावते. अमेरिकेत पेरी ब्लॅकशिअर यांच्या गटाने १९९६ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. ते जन्मताना ठीक दिसत, मग खंगत, सांधे सुजत, कातडीला दाह होत असे. लहानपणापासून टीएनएफविरोधी प्रतिपिंडे दिली तर जवळजवळ सगळे टळत असे. १९९९ मध्ये ग्रीसमधल्या गटाने टीएनएफच्या जनुकातून फक्त हा पट्टा काढून टाकला. बाकी जनुक जसेच्या तसे. उंदरांना संधिवात झाला आणि आतड्याचा क्रोनसारखा आजारही. प्रथिनाच्या रचनेत एका अक्षराचाही बदल नव्हता, फक्त त्याचा आरएनए वेळेवर मरत नव्हता.

मग धोक्याच्या वेळी टीएनएफ भराभर बनते कसे? पी-३८ नावाचा किनेज, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारे एन्झाइम, जागा होतो, त्याच्यामागून येणारा दुसरा किनेज ट्रिस्टेट्राप्रोलिनवर फॉस्फेट चिकटवतो, आणि मोडणारा तेवढ्यापुरता हतबल होतो. आरएनए टिकतो, प्रथिन बनते. पण पी-३८ चाच हुकूम नवे ट्रिस्टेट्राप्रोलिन बनवायला लावतो, आणि पी-३८ थंडावला की हे सगळे साठलेले ट्रिस्टेट्राप्रोलिन एकदम कामाला लागते. लाट चढताना ओसरण्याची तयारी पूर्ण झालेली असते. औषध कंपन्यांनी १९९४ पासून पी-३८ अडवणाऱ्या गोळ्या मोठ्या आशेने तपासल्या. मानवी मोनोसाइटांत त्या टीएनएफ आणि आयएल-१ उत्तम रोखत. संधिवाताच्या रुग्णांत मात्र रक्तातले सीआरपी हे दाहाचे निदर्शक प्रथिन आठवडाभर-दोन आठवडे खाली जाऊन पुन्हा वर आले, वर यकृताला त्रास. पी-३८ अडवला की आयएल-१० सारखे आवर घालणारे रेणूही कमी पडतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. गॅस बंद करायला जाऊन पाण्याचा नळही बंद करावा, तसे ते झाले.

टीएनएफ तयार झाले तरी लगेच रक्तात जात नाही. ते पेशीच्या पापुद्र्यात अडकलेले असते आणि टेस नावाचे एन्झाइम ते कापून मोकळे करते. हेच एन्झाइम टीएनएफचे रिसेप्टरही कापते. सुटे झालेले रिसेप्टर रक्तात तरंगतात आणि टीएनएफला धरून ठेवतात. एकच कात्री, विष आणि उतारा दोन्ही कापणारी. आज संधिवातात दिले जाणारे एटानरसेप्ट हे औषध या सुट्या रिसेप्टरचीच वाढवलेली आवृत्ती आहे.

आयएल-१ बीटाला आणखी वेगळा पहारा आहे. ते ३१ किलोडाल्टनच्या निष्क्रिय रूपात बनते आणि पेशीतून बाहेर पडण्याची नेहमीची खूण त्याच्याकडे नसतेच. ते कापून सक्रिय करायला कॅस्पेज-१ लागते, आणि कॅस्पेज-१ ला जागे करायला इन्फ्लमासोम नावाचा प्रथिनांचा जमाव. तो यूर्ग चोप यांच्या गटाने २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ओळखला. २००६ मध्ये त्याच गटाने दाखवले की युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक हा जमाव बसवतात. गाउट झालेल्या माणसाचा अंगठा मध्यरात्री लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसत नाही, त्यामागे हेच आयएल-१ बीटा. इथे उंदीर आणि माणूस पुन्हा वेगळे पडतात. उंदराच्या मॅक्रोफेजला पहिल्या इशाऱ्यानंतर एटीपीसारखा दुसरा इशारा लागतो. मानवी मोनोसाइट फक्त जंतुविष दिले तरी आयएल-१ बीटा सोडते, पेशी न मरताही. उंदरांवरून लिहिलेल्या कित्येक आकृत्या मानवी रक्ताला जशाच्या तशा लागू पडत नाहीत, हे या एका तपशिलावरून ध्यानात यावे.

आणि आयएल-१ चा उतारा याच पेशी बनवतात. आयएल-१ आरए हे प्रथिन आयएल-१ च्या रिसेप्टरवर जाऊन बसते आणि काही करत नाही. बसणे एवढेच त्याचे काम. २००९ मध्ये ते जन्मतः नसलेली बाळे वर्णिली गेली. जन्मानंतर काही दिवसांत अंगभर पू भरलेले फोड, हाडे सुजलेली, आणि कुठलाही जंतू सापडत नाही. त्यांना हेच प्रथिन औषधाच्या रूपात, अनाकिन्रा म्हणून, दिले तेव्हा फोड वेगाने विरले. त्याच वर्षी दुसऱ्या एका शोधनिबंधात आयएल-१० चा रिसेप्टर निकामी असलेल्या मुलांची हकिगत आली. आयएल-१० हा मोनोसाइटांना गप्प करणारा प्रमुख संदेश. या मुलांचे आतडे पहिल्या वर्षातच व्रणांनी चाळण झाले होते. त्यांच्या रक्तातल्या पेशी काढून प्रयोगशाळेत जंतुविष दिले तर टीएनएफ नेहमीपेक्षा कितीतरी जास्त येई, आणि आयएल-१० घातले तरी कमी होत नसे. एका मुलाला दुसऱ्याच्या मूळपेशी दिल्या आणि आतडे शांत झाले. रक्त बदलले, आतडे बरे झाले. आवर घालण्याची जबाबदारी रक्तपेशींकडे किती आहे, याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

शरीराचा सर्वांत व्यापक लगाम अर्थात कॉर्टिसोलचा. पहाटेकडे ते चढते, रात्री उतरते. संधिवाताच्या रुग्णांत आयएल-६ पहाटे शिखर गाठते, आणि सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडलेली राहतात ती बऱ्याच अंशी त्यामुळे. याशिवाय पेशींची स्वतःची स्मृती असते. बीसन यांनीच १९४७ मध्ये पाहिले होते की सशांना टायफॉइडची लस रोज टोचली तर ताप दिवसागणिक कमी होत जातो. एकदा जंतुविष पाहिलेले मोनोसाइट दुसऱ्यांदा टीएनएफ फारच कमी सोडते, आयएल-१० आणि आयएल-१ आरए मात्र सोडत राहते. उलटही घडते. नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या मिहाई नेतेया यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की बीसीजी टोचलेल्या निरोगी माणसांचे मोनोसाइट तीन महिन्यांनंतरही, क्षयाशी संबंध नसलेल्या जंतूंना पाहूनसुद्धा, जास्त टीएनएफ आणि आयएल-१ सोडतात. मोनोसाइट रक्तात फिरते जेमतेम एक ते तीन दिवस. म्हणजे ही शिकवण अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपर्यंत पोचलेली असली पाहिजे, आणि पुढे तसे पुरावे मिळालेही.

हे सगळे मोजतात कसे, हे थोडे जवळून पाहू. हेपरिनच्या नळीत रक्त घ्यायचे. ईडीटीएच्या नळीत घेतले तर कॅल्शियम अडकून पेशींचे वागणे बदलते. हेपरिनच्या नळीतले रक्त पोषक द्रवात पातळ करून त्यात जंतुविष घालायचे, ३७ अंशांवर सहसा एक दिवस ठेवायचे, मग वरचा द्रव काढून एलायझा या प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीने सायटोकाइन मोजायचे. वाचायला सोपे. पण काचेच्या भांड्यावर, पाण्यात किंवा रसायनात एंडोटॉक्सिनचा अंश राहिला तर काही न घालताही पेशी भडकतात, कारण मानवी मोनोसाइटला पिकोग्रॅमही पुरतात. नळी टेबलावर काही तास पडून राहिली तर वेगळाच निकाल येतो. पेशींच्या या अतिसंवेदनशीलतेचा उपयोगही होतो. शिरेतून द्यायच्या औषधांत ताप आणणारे दूषण आहे का, हे मानवी रक्तपेशींवर तपासण्याची पद्धत युरोपीय औषधसंहितेत २०१० पासून आहे, आणि त्यामुळे सशांवरच्या चाचण्या कमी होऊ लागल्या आहेत.

याच पद्धतीने जगभर हजारो वनस्पतींचे अर्क तपासले जातात, आणि आपल्याकडे त्यात पहिला मान अर्थातच हळदीचा. कर्क्युमिन प्रयोगशाळेत एनएफ-कप्पा-बी रोखते, टीएनएफ कमी करते, असे शेकडो निबंध सांगतात. सांगलीच्या हळदीला अभिमानाने भौगोलिक मानांकन मिळवून देणाऱ्या आपल्या राज्यात ही गोष्ट आवडीने सांगितली जाते. पण २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांच्या एका आढाव्याने स्पष्ट लिहिले की कर्क्युमिन अस्थिर आहे, तोंडाने घेतलेले रक्तात नगण्य पोचते, आणि त्याचा रेणू अनेक चाचण्यांना फसवतो. कोणताही अर्क टीएनएफ कमी करतो असे वाचले की मी आधी शोधतो तो एक आकडा, अर्क घातल्यावर किती पेशी जिवंत होत्या. मेलेली पेशीही टीएनएफ सोडत नाही, आणि तो काही औषधी गुण नव्हे. हळद स्वयंपाकात आहे तिथे उत्तमच आहे. तिच्या नावावर संधिवाताचे उपचार थांबवणाऱ्या रुग्णांची मात्र काळजी वाटते, कारण सांधा एकदा झिजला की परत येत नाही.

मानवी रक्तपेशींवरची चाचणी चुकली तर काय होते, हे १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातल्या चाचणी केंद्रात दिसले. टी-पेशींना थेट उठवणारे टीजीएन-१४१२ हे प्रतिपिंड सहा निरोगी पुरुषांना पहिल्यांदाच दिले गेले. मात्रा माकडांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढी. दीड तासात सहाही जणांना डोकेदुखी, पाठदुखी, ताप, मग रक्तदाब कोसळणे, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होणे. सगळे वाचले, पण अतिदक्षता विभागातून. आधी मानवी रक्तपेशींवर चाचणी झालीच होती आणि तिथे काहीच दिसले नव्हते! पुढे कळले की द्रवात मोकळे सोडलेले ते प्रतिपिंड पेशींना जागे करत नाही. भांड्याच्या तळाला चिकटवले, किंवा पेशी आधी दाट वस्तीत वाढवल्या, की सायटोकाइनांचा लोंढा येतो. शरीरातल्या बहुतेक टी-पेशी रक्तात नसतातच, त्या लसीकाग्रंथींत दाटीवाटीने राहतात. आणि माकडांच्या अनुभवी टी-पेशींवर ज्या रेणूला हे प्रतिपिंड धरते तो सीडी-२८ बराचसा नाहीसा झालेला असतो. आज असे कोणतेही औषध माणसाला देण्याआधी या दोन्ही गोष्टी तपासल्या जातात.

औषधांच्या इतिहासात टीएनएफचे स्थान विलक्षण आहे, कारण एकाच रेणूला अडवून एका आजारात क्रांती झाली आणि दुसऱ्यात माणसे दगावली. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात १९९२ मध्ये संधिवाताच्या रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिले. वर्षानुवर्षे जिने चढू न शकलेली माणसे काही दिवसांत हिंडूफिरू लागली. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिसादात, तर याहून मोठी आशा होती. १९८७ मध्ये बबून माकडांना जंतू देण्याआधी दोन तास टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिले आणि ती वाचली होती. पण रुग्ण काही जंतू शिरण्याआधी दोन तास रुग्णालयात येत नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेप्टिक शॉकच्या १४१ रुग्णांपैकी ज्यांना औषध दिले नाही त्यांच्यात मृत्यू ३० टक्के, आणि एटानरसेप्टच्या सर्वांत मोठ्या मात्रेत ५३ टक्के. दीड तासात शिखर गाठून ओसरणारा रेणू दुसऱ्या दिवशी अडवायचा, म्हणजे वणवा निघून गेल्यावर उरलेसुरले पहारेकरीही निःशस्त्र करायचे. पहारेकऱ्यांचे महत्त्व २००१ मध्ये आणखी ठसले. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफविरोधी प्रतिपिंड घेणाऱ्या ७० रुग्णांना क्षय झाल्याची नोंद आली, ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतर. वर्षानुवर्षे फुप्फुसात क्षयाचे जंतू कोंडून ठेवणारी गाठ टीएनएफवर तगलेली असते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा जिथे आहे त्या आपल्या देशात ही औषधे सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी सांगतात ती त्यासाठी. रुग्णाने ती टाळू नये, आणि डॉक्टरांनीही घाईत ती उरकू नये.

कोविडच्या काळात ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोचला. सीआरपी आणि आयएल-६ चे आकडे लोक एकमेकांना फोनवर सांगत होते. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने २०२० मध्ये डेक्सामेथासोन, तेही दिवसाला अवघे ६ मिलिग्रॅम, तपासले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा नव्हता, झुकाव असलाच तर नुकसानीकडे. एकच विषाणू, एकच औषध, आणि फरक फक्त वेळेचा. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत ही तळटीप वाचली गेली नाही. घरी असलेल्या, ऑक्सिजन उत्तम असलेल्या रुग्णांनाही पाचव्या दिवसापासून स्टिरॉइड दिले गेले. मधुमेह आणि स्टिरॉइड यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस आला, आणि महाराष्ट्र त्यात सर्वाधिक पोळलेल्या राज्यांपैकी एक होता. डोळा गमावलेल्या, जबडा काढावा लागलेल्या त्या माणसांकडे पाहिल्यावर, दाह आवरण्याची वेळ चुकणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता एक अगदी जवळचे आणि आशेचे उदाहरण. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवून परत देण्याच्या कार-टी उपचारात तीव्र ताप आणि रक्तदाब कोसळण्याचा त्रास होतो. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एका लहान मुलीचा जीव यातून आयएल-६ अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबने वाचला. सगळ्यांना वाटले की दोष परत दिलेल्या टी-पेशींचा. २०१८ मध्ये मिलान आणि न्यूयॉर्कच्या दोन गटांनी वेगवेगळे दाखवले की आयएल-६ आणि आयएल-१ येते ते मोनोसाइट आणि मॅक्रोफेज यांच्याकडून, आणि आयएल-१ आधी येते. म्हणून काही ठिकाणी अनाकिन्रा लवकर देऊन पाहिले जात आहे. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. परदेशी उपचाराच्या कितीतरी कमी खर्चात तो देता येतो. खर्च कमी झाला म्हणजे मोठ्या शहराबाहेरच्या रुग्णालयांतही तो जाईल, आणि तिथल्या डॉक्टरांना, परिचारिकांना तिसऱ्या रात्री आलेला ताप संसर्गाचा की सायटोकाइनांचा हे ओळखावे लागेल.

इथेच या क्षेत्रातला सर्वांत निकडीचा प्रश्न येतो. रुग्ण लाटेच्या चढणीवर आहे की उतरणीवर, हे खाटेजवळ कळत नाही. २०११ मध्ये सेप्सिसने दगावलेल्या ४० जणांच्या प्लीहा मृत्यूनंतर लगेच तपासल्या गेल्या. त्यांतल्या पेशींना उत्तेजित केले तरी सायटोकाइन येत होते ते नेहमीच्या दहा टक्क्यांहूनही कमी. अशा माणसाला दाहविरोधी औषध देणे म्हणजे त्याला आणखी उघड्यावर टाकणे. त्याच्या मोनोसाइटांवर एचएलए-डीआर हा रेणू किती आहे, किंवा त्याच्या थोड्या रक्तात जंतुविष घातले तर टीएनएफ किती येते, हे काही तासांत मोजता येते. जर्मनीत १९९७ पासून या मोजमापावरून इंटरफेरॉन-गॅमासारखी उठवणारी औषधे देऊन पाहिली गेली. २०२१ मध्ये ग्रीस आणि इटलीत ५९४ कोविड रुग्णांवर झालेल्या चाचणीत अनाकिन्रा सरसकट दिले नाही. रक्तातला एक निर्देशक मिलिलिटरमागे ६ नॅनोग्रॅम किंवा अधिक असेल त्यांनाच घेतले, आणि त्यांच्यात आजार बिघडण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण घटले. सेप्सिसच्या औषधांच्या ज्या चाचण्या गेल्या तीस वर्षांत फसल्या, त्यांतली किती औषधे निरुपयोगी होती आणि किती फक्त चुकीच्या रुग्णाला चुकीच्या दिवशी दिली गेली, हे अशा मोजमापाने पुन्हा तपासायला हवे. रक्तात जंतुविष घालून टीएनएफ मोजायला लागते हेपरिनची एक नळी, ३७ अंशांची पेटी आणि एलायझा. जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरचे त्यात काही नाही.